ज्याच्या दिशेने चेंडू येईनासा झाला : चार्ल्स वुडसन आणि १९९७ चा हाइझमन करंडक

१/ १३ डिसेंबर १९९७, न्यूयॉर्क. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक मान म्हणजे हाइझमन करंडक. त्या संध्याकाळी तो मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स वुडसनला मिळाला. १९३५ पासून चालत आलेल्या या परंपरेत प्रामुख्याने बचावफळीत खेळणाऱ्या खेळाडूने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. या निकालावरचा वाद अजूनही शमलेला नाही. तो वाद, त्यामागचा इतिहास आणि त्यातून निघणारा एक निष्कर्ष यांविषयीचा हा थ्रेड.

२/ निष्कर्ष प्रारंभीच मांडलेला बरा. वुडसनची निवड योग्य होती. मात्र ‘या निवडीने बचावपटूंसाठी दार उघडले’ हे जे वाक्य सर्रास लिहिले जाते, ते इतिहासाला धरून नाही. दार उघडले नाही. एक असामान्य माणूस खिडकीतून आत शिरला, एवढेच झाले. हा भेद समजण्यासाठी आधी खेळाची रचना पाहावी लागेल.

३/ अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू हवेतून फेकतो आणि रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतात. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या या रिसीव्हरला सावलीसारखे चिकटून राहणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. रिसीव्हर कुठे वळणार हे त्याला आधी ठाऊक असते, कॉर्नरबॅकला नसते. तरीही त्याच्याबरोबर, बऱ्याचदा उलट पावली, धावत राहायचे. चूक झाली की ती हजारो प्रेक्षकांसमोर, अगदी उघड्यावर होते.

४/ कबड्डी पाहणाऱ्यांना यातील मर्म चटकन उमगेल. कसलेला कोपरारक्षक उभा असला की चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. केलेल्या पकडीचा गुण मिळतो; परंतु धाकाने टळलेल्या चढाईचा गुण कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिला जात नाही. कॉर्नरबॅकचे दैव असेच आहे. तो जितका उत्तम, तितका चेंडू त्याच्यापासून दूर जातो आणि तितके त्याच्या नावापुढचे आकडे रोडावतात.

५/ आता हाइझमनचा इतिहास. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने १९३५ मध्ये हा करंडक सुरू केला. पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर. पुढच्या वर्षी क्लबचे क्रीडा संचालक जॉन हाइझमन यांचे निधन झाले आणि करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले. विजेता ठरतो मतदानाने. मतदारांत बहुसंख्य क्रीडा पत्रकार, त्यांच्या जोडीला माजी विजेते. प्रत्येकाने तीन नावे क्रमाने लिहायची. त्यांना अनुक्रमे ३, २ आणि १ गुण.

६/ करंडकाच्या सुरुवातीच्या काळात ‘आक्रमणपटू की बचावपटू’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. खेळाडू बदलण्यावर कडक निर्बंध असल्याने तेच अकरा जण आक्रमण करीत आणि चेंडू गेला की तेच बचावाला उभे राहत. १९३९ चा विजेता आयोवाचा नाइल किनिक आणि १९४० चा विजेता मिशिगनचा टॉम हार्मन हे दोन्ही बाजूंनी खेळणारेच होते.

७/ १९४१ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले. लवकरच युद्ध आले, तरुण सैन्यात गेले आणि संघांना त्या सवलतीची गरज आणखी भासू लागली. त्यातून आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरी तुकडी अशी पद्धत रुजली. १९५३ मध्ये ती पुन्हा रोखण्यात आली. १९६० च्या दशकाच्या मध्यास निर्बंध उठले ते कायमचेच. तेव्हापासून महाविद्यालयीन फुटबॉल हा विशेषज्ञांचा खेळ झाला.

८/ नियम बदलले, पण करंडक पाहण्याची दृष्टी बदलली नाही. विशेषज्ञांच्या युगात मतदारांनी कौल दिला तो चेंडू हातात असलेल्यांना : क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि क्वचित एखादा रिसीव्हर. कारण सोपे आहे. त्यांचे कर्तृत्व यार्डांत मोजता येते, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापता येते आणि दोन हजार मैल दूर बसलेल्या पत्रकाराला सामना न पाहताही वाचता येते.

९/ १९८० मध्ये पिट्सबर्गचा ह्यू ग्रीन हा बचावपटू दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच्या झंझावाताविषयी कुणालाच शंका नव्हती. करंडक मात्र साउथ कॅरोलायनाचा धावपटू जॉर्ज रॉजर्स याला मिळाला. शुद्ध बचावपटूने कितीही उंच उडी मारली तरी छत कुठे आहे, हे त्या वर्षी स्पष्ट झाले.

१०/ या पार्श्वभूमीवर चार्ल्स वुडसन येतो. जन्म ७ ऑक्टोबर १९७६, ओहायो राज्यातील फ्रीमाँट. जन्मतः पावले आत वळलेली. बालपणीची पहिली वर्षे ती सरळ करणाऱ्या खास बुटांत गेली. पुढे फ्रीमाँट रॉस शाळेकडून खेळताना तो मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक म्हणून गाजला आणि १९९४ मध्ये ओहायोचा ‘मिस्टर फुटबॉल’ ठरला. विद्यापीठ निवडताना मात्र त्याने ओहायोचा हाडवैरी असलेले मिशिगन निवडले.

११/ मिशिगनमध्ये तो कॉर्नरबॅक झाला. १९९५ आणि १९९६ या दोन हंगामांत त्याने प्रत्येकी पाच इंटरसेप्शन केली. इंटरसेप्शन म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मधल्या मध्ये झेलून आक्रमणाचा हक्कच हिरावून घेणे. १९९७ मध्ये ही संख्या रोझ बोल धरून आठवर गेली. तीन वर्षांची बेरीज अठरा. प्रतिस्पर्धी त्याच्याकडे चेंडू फेकायला कचरत असताना झालेली ही बेरीज आहे, हे विसरता कामा नये.

१२/ २५ ऑक्टोबर १९९७ चा मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना. दबावाखाली सापडलेल्या क्वार्टरबॅकने शहाणपणा करून चेंडू सीमारेषेबाहेर भिरकावला. तो कुणाच्याही हाती लागू नये हाच त्याचा हेतू. वुडसनने उंच झेप घेतली, एका हाताने तो टिपला आणि रेषेच्या आत पाय टेकवला. मिशिगनने सामना २३-७ असा जिंकला. वुडसनच्या कारकिर्दीचे सार सांगणारा दुसरा क्षण शोधायची गरज नाही : त्याच्यापासून वाचवण्यासाठी फेकलेला चेंडूही सुरक्षित नव्हता.

१३/ २२ नोव्हेंबर १९९७, ॲन आर्बर. समोर ओहायो स्टेट, स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक. वुडसनने आक्रमणात उतरून ३७ यार्डांचा झेल घेतला आणि त्यातून संघाच्या पहिल्या टचडाउनची वाट मोकळी झाली. मग प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू, म्हणजे पंट, पकडून तो ७८ यार्ड धावत सुटला, थेट टचडाउन. उत्तरार्धात त्याने स्वतःच्या गोलपट्टीत इंटरसेप्शन करून ओहायोची चढाई मोडली. एकाच सामन्यात तीन भूमिका आणि तिन्हींत निर्णायक कामगिरी.

१४/ चित्र एकरंगी नव्हते, हेही नोंदवायला हवे. ओहायोचा रिसीव्हर डेव्हिड बॉस्टन याने त्याच सामन्यात टचडाउन केला आणि मिशिगनची आघाडी आक्रसत गेली. सामना अखेर २०-१४ असा सुटला. सर्वोत्कृष्ट कॉर्नरबॅकही अजिंक्य नसतो. या भूमिकेत पराभवाचा एक क्षण सर्वांना दिसतो आणि यशाचे पन्नास क्षण कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

१५/ याच सामन्यातील एक दुर्लक्षित नाव म्हणजे आंद्रे वेदर्स, मिशिगनचा दुसऱ्या बाजूचा कॉर्नरबॅक. त्यानेही एक इंटरसेप्शन करून ते थेट टचडाउनपर्यंत नेले. सहा गुणांनी जिंकलेल्या सामन्यात हा टचडाउन नसता तर निकाल काय लागला असता, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. वुडसनला टाळणाऱ्या संघांना चेंडू कुठेतरी फेकावाच लागे आणि तिकडे वेदर्स उभा असे. एकाच्या धाकाचे फळ दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. आकडे हे नाते दाखवत नाहीत.

१६/ त्या वर्षीचा मिशिगनचा बचाव ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू आहे. प्रशिक्षक लॉइड कार यांच्या संघाने बारा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना सरासरी अवघे साडेनऊ गुण घेऊ दिले. १ जानेवारी १९९८ च्या रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटचा नामांकित क्वार्टरबॅक रायन लीफ समोर होता. मिशिगन ०-७ ने पिछाडीवर असताना वुडसनने गोलपट्टीत त्याचा चेंडू टिपला. सामना २१-१६ असा जिंकून मिशिगन १२-० वर पोहोचले.

१७/ असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीने मिशिगनला राष्ट्रीय विजेते घोषित केले. १९४८ नंतर प्रथमच. प्रशिक्षकांच्या क्रमवारीने मात्र तोच मान टॉम ऑस्बोर्न यांच्या नेब्रास्काला दिला. विजेतेपद ठरवणारा अंतिम सामना तेव्हा अस्तित्वातच नव्हता, म्हणून दोन्ही दावे अधिकृत ठरले. १९९७ या वर्षाला वाद जडला तो असा दोन्हीकडून : सर्वोत्तम संघ कोणता यावर एक, सर्वोत्तम खेळाडू कोण यावर दुसरा.

१८/ दुसऱ्या वादातील प्रतिपक्ष म्हणजे टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. त्याची बाजू दुबळी नव्हती. व्यावसायिक लीगचे दार खुले असताना तो शेवटच्या वर्षासाठी विद्यापीठात परतला होता. त्या हंगामात ३,८१९ यार्ड, ३६ टचडाउन पास आणि परिषदेचे विजेतेपद. चार वर्षे देशाने त्याच्याकडे भावी विजेता म्हणूनच पाहिले. फ्लोरिडाविरुद्ध मात्र तो त्याही वर्षी हरला, ३३-२० असा.

१९/ मतमोजणी अशी : वुडसन १,८१५ गुण, मॅनिंग १,५४३. पहिल्या पसंतीची मते वुडसनला ४३३, मॅनिंगला २८१. रायन लीफ तिसरा, मार्शलचा रँडी मॉस चौथा. टेनेसीत संताप उसळला. दूरचित्रवाणीने वुडसनच्या चार-दोन नेत्रदीपक क्षणांचा इतका मारा केला की मतदार भुलले, असा तेथील चाहत्यांचा आक्षेप आजही ऐकू येतो.

२०/ या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते वुडसनच्या समर्थकांनीही स्वीकारायला हवे. नियमित हंगामात वुडसनच्या नावावर आक्रमणातील ११ झेल आणि २३१ यार्ड होते. पंट परतवण्याची जबाबदारीही त्याच्याकडे होती. ओहायोविरुद्धचा ७८ यार्डांचा तो परतावा नसता, तर केवळ सात इंटरसेप्शनच्या बळावर तो न्यूयॉर्कमध्ये जिंकला असता का? ह्यू ग्रीनचा अनुभव पाहता, बहुधा नाही.

२१/ पण यातून ‘वुडसन अपात्र होता’ हे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की मतदारांनी योग्य माणूस अपुऱ्या कारणासाठी निवडला. देशातील सर्वांत भक्कम बचावाचा तो कणा होता, हे त्याच्या श्रेष्ठत्वाचे मुख्य कारण. मतदारांच्या मनात ठसला तो चेंडू घेऊन धावणारा वुडसन. म्हणजे बचावपटूला सर्वश्रेष्ठ ठरण्यासाठी अधूनमधून आक्रमणपटू होऊन दाखवावे लागले.

२२/ पुढचा इतिहास या मताला पुष्टी देतो. २००९ मध्ये नेब्रास्काचा नडामुकॉन्ग सू चौथा, २०१२ मध्ये नोत्र दामचा मांटाय टेओ दुसरा, २०२१ मध्ये मिशिगनचाच एडन हचिन्सन दुसरा. तिघेही शुद्ध बचावपटू. तिघेही रिकाम्या हाताने परतले. १९९७ ने खरोखर दार उघडले असते, तर या तिघांपैकी एखादा तरी आत गेला असता.

२३/ २०२४ मध्ये कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर जिंकला तेव्हा ‘पुन्हा एक कॉर्नरबॅक’ म्हणून जल्लोष झाला. हंटरने जवळजवळ पूर्ण वेळ दोन्ही बाजूंनी खेळून १९४० च्या पूर्वीचा काळ जणू परत आणला. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्याच्या खात्यावरील ९६ झेल, १,२५८ यार्ड आणि १५ टचडाउन हे रिसीव्हरचे आकडे आहेत. कॉर्नरबॅक म्हणून त्याची इंटरसेप्शन होती चार. मतपत्रिकेवर वजन कशाचे पडले, हे सांगायला नको.

२४/ वुडसनची व्यावसायिक कारकीर्द या चर्चेतील सर्वांत मौल्यवान पुरावा पुरवते. १९९८ च्या निवडीत ओकलंड रेडर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. १९९९ मध्ये त्याच्या नावावर इंटरसेप्शन किती? फक्त एक. तरीही त्या वर्षी तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात निवडला गेला. केवळ तक्ता वाचणाऱ्याला ही निवड चूक वाटेल. खेळ जाणणाऱ्यांनी मात्र त्याच्या दिशेने न आलेले चेंडू मोजले होते.

२५/ जानेवारी २००२ मध्ये हिमवर्षावात त्याने न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीला, म्हणजे मिशिगनमधील आपल्याच जुन्या सहकाऱ्याला, धडक देऊन चेंडू पाडला. पंचांनी ‘टक’ नियमाचा आधार घेऊन निर्णय फिरवला आणि रेडर्स १६-१३ असे हरले. २००६ मध्ये तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. तेथे २००९ मध्ये नऊ इंटरसेप्शनसह लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलमध्ये पूर्वार्धातच त्याचे गळ्याचे हाड मोडले. संघाने विजेतेपद मिळवले, तो कडेला उभा राहून पाहत होता.

२६/ रेडर्सकडे परतून २०१५ अखेर तो निवृत्त झाला. अठरा हंगाम, ६५ इंटरसेप्शन आणि अठराच्या अठरा हंगामांत किमान एक. बचावपटू म्हणून केलेले १३ टचडाउन हा लीगचा संयुक्त विक्रम. २०१८ मध्ये महाविद्यालयीन आणि २०२१ मध्ये व्यावसायिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्या २०२१ च्या तुकडीत आणखी एक नाव होते : पेटन मॅनिंग. दोघेही पात्र होताच पहिल्याच प्रयत्नात निवडले गेले.

२७/ या योगायोगाने जुना वाद मिटतो, असे काही जण म्हणतात. ते योग्य नव्हे. हाइझमन हा एका हंगामाचा मान आहे; पुढील कारकिर्दीचे दाखले मागे नेऊन १९९७ चा निकाल बरोबर किंवा चूक ठरवता येत नाही. उद्या लागलेल्या निकालाने कालचा निर्णय तोलणे हा इतिहासलेखनातील जुना दोष आहे आणि क्रीडा इतिहासात तो विशेष फोफावतो. निकाल तपासायचा तर त्या डिसेंबरात मतदारांसमोर काय होते, एवढ्यावरच.

२८/ आणि मतदारांसमोर होते आकडे. ही केवळ फुटबॉलची अडचण नाही. लढला गेलेला किल्ला कागदपत्रांत सापडतो. भक्कम म्हणून ज्याच्या वाटेला शत्रू गेलाच नाही, तो किल्ला एखाद्या हिशेबाच्या नोंदीपुरता उरतो. फुटलेल्या धरणावर ग्रंथ होतात, टिकलेल्या धरणावर नाही. जे घडले त्याची नोंद होते. ज्याने घडू दिले नाही, त्याचे कर्तृत्व नोंदीच्या पोकळीतून ओळखावे लागते.

२९/ म्हणून जुन्या सामन्यांचे तक्ते वाचताना प्रतिस्पर्ध्याचे आकडेही समोर ठेवावेत. त्याचा सर्वोत्तम रिसीव्हर त्या दिवशी एकाएकी का मावळला? चेंडू सतत एकाच बाजूला का जात राहिला? दुसऱ्या कॉर्नरबॅकला इतक्या संधी कुठून मिळाल्या? असे तीन प्रश्न विचारले की वुडसनसारखे अनेक जण, आणि वेदर्ससारखेही, तक्त्यातून वर येऊ लागतात.

३०/ हाइझमनच्या यादीत १९९७ समोर वुडसनचे नाव आहे आणि ते तेथेच शोभते. ते नाव बचावपटूंच्या न्यायाची सुरुवात होते असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. चेंडूला हात न लावता, केवळ बचावाच्या जोरावर एखादा खेळाडू ज्या वर्षी हा करंडक उचलेल, त्या वर्षी दार उघडले असे म्हणता येईल. १९३५ पासून आजतागायत ते वर्ष उगवलेले नाही.

(थ्रेड समाप्त)